कवडू म्हणे

९ नोव्हेंबर २००५, बुधवार

ही डायरी बियाण्याच्या एका कंपनीची. जानेवारीत एका कृषी केंद्राचा बोर्ड रंगवला, तेव्हा दुकानदाराने पैशांसोबत हातात कोंबली होती. दहा महिने कोरी पडून होती. आज काढली, कारण आज दोन गोष्टी घडल्या. एक वाईट, एक बरी.

वाईट ही, की दत्त चौकात फ्लेक्सचं दुकान उघडलं. मी उभं राहून मशीन पाहिलं. तासाभरात वीस फुटांचा पुढारी बाहेर आला, हात जोडून. मी, अश्वजित भवरे, अश्वा आर्ट, पाटीपुरा, सतरा वर्षं ब्रश चालवतोय. मला एवढ्या पुढाऱ्याला तीन दिवस लागतात आणि शेवटी तो मेहुण्यासारखा दिसतो. मशीनला ऱ्हस्वदीर्घ कळत नाही, एवढंच समाधान. पण लोकांनाही कळत नाही, म्हणून त्यांचं जमणार.

बरी गोष्ट नानाजी ढोलेंची. ‘दैनिक वाघाडी’चे मालक, संपादक आणि मुद्रितशोधक तेच. नागपूरहून येणारं व्यंगचित्र बंद झालं, म्हणून तिसऱ्या पानावर भोक पडलंय.

“अश्वजित, तीन चौकटी भर लेका. मांजर काढ, कुत्रं काढ, पण हसू आलं पाह्यजे. कापसाचा बोनस गेला, भाव पडला, माह्या पहिल्या पानावर रोज रडारड. तिसऱ्या पानापर्यंत माणूस जित्ता पोचला पाह्यजे.”

घरी रुपालीला सांगितलं. ती अंगणवाडी सांभाळते, तिला गंभीर चेहरा ठेवायची सवय आहे. तरी म्हणाली, “तुम्ही? विनोद?” आणि खळखळून हसली.

म्हणजे सुरुवात चांगली झाली.

१२ नोव्हेंबर, शनिवार

भाऊसाहेब उमरकरांच्या जिनिंगात काम मिळालं. आतल्या भिंतींवर ‘धूम्रपान सक्त मनाई’, बारा वेळा. चौथ्या वेळी मलाच बिडी प्यावीशी वाटली, खरं तर मी पीत नाही.

कापसाच्या ढिगावर एक बोका झोपला होता. अर्धा कान गायब, शेपटीला गाठ, अंगावर सरकीचा चुरा. पांढरा म्हणावा तर पिवळे डाग. खाली बाया कापसातला पालापाचोळा निवडत होत्या. त्यांच्यातली एक म्हातारी, मानीबाई, जवळच्या तांड्यावरून येते. सगळे तिला मानीयाडी म्हणतात. याडी म्हणजे बंजारा बोलीत आई.

“याडी, हा बोका कोणाचा?”

“कोणाचा न्हाई. भाकर माही खाते, म्हणून लोक माहा म्हणतात.”

“पांढरा आहे का पिवळा?”

“पांढराच होता बेटा. कवडी झाला.”

कवडी म्हणजे डागाळलेला, धड न फुटलेला कापूस. कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने हा शब्द काढला की शेतकऱ्याचं तोंड उतरतं. मी तिथेच ठरवलं: बोक्याचं नाव कवडू.

दुपारी गेटासमोर उकंडाच्या टपरीवर चहा. याडी सांगत होती, की तांड्याकडे पाहणी करायला साहेब लोक आले होते, दोन गाड्या भरून. “खाली उतरलेच न्हाई. काचेतून पाह्यलं अन् म्हणे, पीक त हिरवंगार आहे. अरे बाप्पा, तुह्या गाडीची काचच हिरवी आहे!”

सगळी टपरी हसली. उकंडाने चहा बशीऐवजी स्वतःच्या पायावर ओतला.

१६ नोव्हेंबर, बुधवार

छापून आलं! वर नाव: ‘कवडू म्हणे’. पहिल्या चौकटीत गाडी. दुसरीत साहेब म्हणतात, “पीक तर हिरवंगार आहे!” तिसरीत कवडू बॉनेटवर बसून: “साहेब, काच खाली करा. हिरवी तेच आहे.”

नानाजी इतके हसले की दम्याचा पंप शोधावा लागला. “कुठून सुचते बे तुले?”

मी म्हटलं, अंघोळ करताना एकदम सुचलं. खरंच तसंच झालं. साबण लावत होतो आणि पूर्ण वाक्य तयार. लोक प्रतिभा म्हणतात ती हीच असावी. कुणाला सांगणार नाही, पण लिहून ठेवतो.

२३ नोव्हेंबर, बुधवार

सहा पत्रं आली. एक दारव्ह्याहून, श्री. कवडू शेंडे, शिपाई यांचं: “आपल्या मांजरामुळे माझ्या कार्यालयात मला दूध पाजण्याचे प्रकार सुरू झाले आहेत. नाव बदलावे.” नानाजींनी ते पत्र जसंच्या तसं छापलं. त्यावर आर्णीहून दुसऱ्या एका कवडूचं पत्र आलं: बदलू नका, आयुष्यात पहिल्यांदा नाव पेपरात आलं.

मशीनवाल्या फ्लेक्सच्या दुकानात तिसरं पान काउंटरच्या काचेखाली लावलंय. मी तिकडून तीनदा गेलो. सहजच.

२८ नोव्हेंबर, सोमवार

जिनिंगातलं काम संपलंय, पण चहाला उकंडाकडेच जातो. तिथला चहा कडक असतो. मानीयाडी दुपारच्या सुटीत येते, बोक्याला भाकरीचा तुकडा टाकते आणि बोलत बसते. आज ग्रेडरवर घसरली होती. “गाडीत पांढरा, काट्यावर पिवळा, अन् गाठ बांधली का पुन्हा पांढरा. कापूस आहे का सरडा?”

बोलघेवडी बाई आहे. वेळ चांगला जातो.

३० नोव्हेंबर, बुधवार

आजचा कवडू सगळ्यांत गाजला. “कापूस आहे का सरडा?” बाजार समितीच्या आवारात गाडीवाल्यांनी ग्रेडरलाच ‘सरडा’ म्हणायला सुरुवात केली. नानाजींनी चौकट एका इंचाने वाढवून दिली. कवडूला त्याचा आवाज सापडला असं वाटतं. माझ्या बोटांना ही भाषा कुठून येते, मलाच कळत नाही.

जेवताना रुपालीने विचारलं, “त्या याडीले सांगतलं का, तिचं बोलणं छापून राह्यले म्हणून?”

मी समजावलं, की ती कापसाबद्दल बोलते. मी जे काढतो ते व्यवस्थेबद्दल असतं.

रुपालीने पुढची भाकरी जरा जोरात थापली.

६ डिसेंबर, मंगळवार

सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी गेलो होतो, तिघंही पांढऱ्या कपड्यांत. मुलगी पायल माझ्या खांद्यावर. गर्दीत एका गृहस्थाने विचारलं, “कवडूवाले तुम्हीच नं?” आजच्या दिवशी छाती फुगायला नको होती. फुगली. लाज वाटली, तरी फुगलेलीच राहिली.

१० डिसेंबर, शनिवार

याडीने आज अशी गोष्ट सांगितली की मी चहा खाली ठेवला. शेतकऱ्याचा कापूस ओला निघाला की वजनात कटती. पण त्याच कापसाची सरकी निघाली की गाठी बांधायच्या आधी जिनिंगवाले स्वतःच पाइप लावून पाणी मारतात, गाठ जड व्हावी म्हणून. कुणी विचारलं तर म्हणायचं, हिवाळा आहे, दव पडलं.

“आमच्या जिनिंगात दव नळातून पडते,” याडी म्हणाली. “अन् ते दव आमच्याच डोक्यावर वाहून न्या लागते. कोरडं गठुडं बी दोघी उचलतो, ओलं बी दोघीच. हंसाबाईची मान महिन्यापासून वळत न्हाई.”

नळातून दव! काय वाक्य आहे. बाकीचं लांबट आहे, तीन चौकटींत मावणार नाही.

१३ डिसेंबर, मंगळवार

काल नानाजींनी नळातल्या दवाचं चित्र दोनदा पाहिलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं. भाऊसाहेब आठवड्याला अर्धं पान जाहिरात देतात. पण हसू आवरेना. “जाऊ दे. मांजरावर कोण फिर्याद करते?”

आज सकाळी नऊपर्यंत अंक संपले. आवारात एक जण बैलगाडीवर उभा राहून मोठ्याने वाचत होता आणि खाली गाड्यांची रांग हसत होती. कापसाच्या रांगेत हसू मी या हंगामात पहिल्यांदा ऐकलं. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं.

१५ डिसेंबर, गुरुवार

स्वतः भाऊसाहेब उमरकरांचं बोलावणं! बंगल्यावर गेलो. वाटलं, आता कानाखाली बसते. उलटंच झालं. सोफा, चहा, काजू.

“या या, कलाकार. अहो, काय डोकं आहे तुमचं! मी स्वतः हसलो.”

मोठा माणूस मनाने मोठा असतो. मी म्हटलं, साहेब, सगळं कल्पनेतलं आहे.

“कल्पनाच नं. आम्हाले कळते. पण मांजर मात्र आमच्याच जिनिंगातलं दिसते. तो अर्धा कान मी ओळखला.”

मी खूश झालो. कान खरंच हुबेहूब जमलाय. “हो साहेब, तुमचंच.”

“कोणी पाळलंय?”

“तसं कोणी नाही. मानीयाडी भाकर टाकते त्याले. टपरीवर तिच्यासंगंच असते.”

“असं असं. प्रेमळ बाई आहे,” असं म्हणून त्यांनी मला आणखी काजू दिले. आणि निघताना, जिनिंगच्या नव्या गेटाचं पूर्ण काम मला! दोन-दोन फुटांची अक्षरं, सोनेरी. फ्लेक्स नको म्हणाले, हाताचंच पाहिजे.

रुपालीला सांगितलं. तिने सगळं पुन्हा सांगायला लावलं, शब्दन् शब्द. मग म्हणाली, “अन् तुम्ही नाव सांगून देल्लं?”

मांजराबद्दल विचारलं त्यांनी, मी म्हटलं. ती उठून गेली. कधी कधी माझ्या यशाचा तिला त्रास होतो की काय, कळत नाही.

१९ डिसेंबर, सोमवार

तीन दिवस मानीयाडी टपरीवर नाही. बोका कुंपणावर बसून गेटाकडे पाहत होता. उकंडाला विचारलं.

“ते नाही येत आता.”

“ताप आला असंल. हवा खराब आहे.”

उकंडाने माझ्याकडे पाहिलं. मग चहा दिला. साखर टाकायची विसरला होता, पण चेहरा असा होता की मागवेना.

२३ डिसेंबर, शुक्रवार

या आठवड्यातले कवडू: सोमवारी कवडू आणि थंडी. बुधवारी कवडू आणि क्रिकेट. आज कवडू आणि नवीन वर्षाचा संकल्प. नानाजी काही न बोलता छापतात. आज बोलले.

“अश्वजित, बोक्याले सर्दी झाली काय? तोंडातून आवाजच येत नाही त्याच्या.”

अंघोळ दिवसातून दोनदा करून पाहिली. काही सुचत नाही.

२७ डिसेंबर, मंगळवार

आज एक घाण काम केलं, म्हणजे ही डायरी मागे मागे चाळली. वाटलं, एखादी जुनी कल्पना वापरायची राहिली असेल.

बारा नोव्हेंबर: हिरवी काच. बोलली मानीयाडी. सोळा तारखेला माझी अंघोळ.

अठ्ठावीस: सरडा. मानीयाडी. तीस तारखेला माझी बोटं.

दहा डिसेंबर: दव. मानीयाडी.

माझ्याच अक्षरात, माझ्याच शाईत. साबणाची वडी फक्त माझी.

पंधरा तारखेचं पान दोनदा वाचलं. काजूपर्यंत आलो आणि पुढे वाचवेना. सायकल काढून थेट टपरीवर गेलो. “उकंडा, सरळ सांग.”

त्याने सरळ सांगितलं. सोळाला सकाळी मुकादमाने सगळ्या बायांसमोर याडीला दंडाला धरून गेटाबाहेर आणलं. एकोणीस वर्षं काम करणारी बाई. म्हणाला, हे बाई मांजराले भाषण शिकवते.

“अन् कोणी सांगतलं म्हणे, माहीत आहे?” उकंडा कप विसळत म्हणाला. “म्हणे, पेंटरनंच. बंगल्यावर चहा पेता पेता.”

१ जानेवारी २००६, रविवार

डायरीचं साल संपलं. मागे ‘महत्त्वाचे टेलिफोन क्रमांक’ अशी बरीच पानं आहेत. मला महत्त्वाचे क्रमांक तीनच, म्हणून इथे लिहितो.

रुपाली आणि मी एस.टी.ने तांड्यावर गेलो. रुपालीने मला एकट्याला जाऊ दिलं नाही. “तुम्ही तिथं बी काहीतरी बोलून बसाल,” म्हणाली. याडी दुसऱ्याच्या शेतात वेचणीला गेली होती. सुनेने, सुखीबाईने, बांधापर्यंत नेऊन सोडलं. शेवटची वेचणी, झाडांवर उरलेली कवडीच जास्त. याडी कमरेत वाकून बोंडं तोडत होती. कमरेला ओटी बांधलेली.

मी हात जोडले. सगळं पाठ करून गेलो होतो: चूक झाली, विश्वासघात झाला, वगैरे. दोन वाक्यं झाली असतील.

“मले समजलं तूच नाव सांगतलं ते,” याडी म्हणाली. “तू भोळा आहे. भोळ्या माणसाले काजू देल्ले का तो पुरं गाव सांगते. त्याचा राग आला होता. आठ दिवस आला, मंग वेचणी लागली, रागाले टाइम न्हाई.”

“मग आता?”

ती सरळ उभी राहिली. तिला वेळ लागला. “सुखीनं मले तो पेपर वाचून दाखवला. नळ आहे, दव आहे, बोका आहे. पुढचं काहून न्हाई लिहिलं?”

“पुढचं?”

“गठुड्याचं. हंसाबाईच्या मानेचं. मी पुरं सांगतलं होतं तुले. तुह्या बोक्याले कापसाचं वजन कळलं, बाईचं न्हाई कळलं.”

मी म्हणालो की तीन चौकटींत मावत नव्हतं. म्हणालो, आणि स्वतःच ते ऐकलंही.

“मंग चौथी काढाची,” याडी म्हणाली.

रुपालीने तोवर पदर खोचून वेचायला सुरुवात केली होती. संध्याकाळच्या गाडीपर्यंत आम्ही दोघं वेचत होतो. माझी ओटी पायलच्या दप्तराएवढी भरली. याडीने ती हातात तोलून पाहिली आणि स्वतःच्या ओटीत रिकामी केली. हीच तिची माफी असावी. नसेलही.

४ जानेवारी, बुधवार

चार चौकटींचा कवडू घेऊन नानाजींकडे गेलो. ओली गठुडी, वाकलेल्या माना, सगळं. नानाजींनी पाहिलं आणि या वेळी चष्मा पुसला नाही, काढूनच ठेवला.

“अश्वजित, मांजर छापतो मी. बाई नको. मांजराले घर नसते, त्याले कोणी काढू शकत नाही. माह्याकडे सात माणसं कामाले आहेत अन् अर्धं पान उमरकराचं आहे.”

नानाजी वाईट नाहीत. त्यांचा पंप टेबलावर होता, दोनदा तोंडाला लावला.

घरी येताना भाऊसाहेबांचा माणूस भेटला: गेट तयार आहे, सोनेरी रंग आलाय, कधी येता? मी ‘सांगतो’ म्हणालो. इथे खरं लिहितो: मला ते गेट रंगवायचं होतं. दोन फुटांची अक्षरं या गावात आता कुणी कुणाला देणार नाही. रात्रीचं जेवण होईपर्यंत मी मनात ‘उ’ची वेलांटी घोळवत होतो, आणि ‘उ’ला वेलांटी नसते हेही विसरलो होतो.

७ जानेवारी, शनिवार

गेटाला नाही म्हणून आलो. भाऊसाहेब भेटले नाहीत, मुकादमाला सांगितलं. त्याने कारण विचारलं. हात दुखतो म्हणालो. शूर माणसाने काहीतरी वेगळं म्हटलं असतं.

बाहेर टपरीवर बसलो. उकंडाच्या टपरीमागे त्याची स्वतःची खोली आहे आणि तिची भिंत सरळ जिनिंगच्या गेटाकडे तोंड करून उभी. पंधरा फूट लांब, आठ उंच. एवढी वर्षं तिथे चहा प्यालो, भिंत कधी दिसली नव्हती.

“उकंडा, ही भिंत रंगवायची का?”

“कायले?”

सांगितलं. त्याने विचार केला, दोन गिऱ्हाइकांना चहा दिला, परत आला. “भिंत माही आहे. बापानं बांधली. पण याडीले विचार आधी. या वेळेस विचार.”

८ जानेवारी, रविवार

विचारलं. काल संध्याकाळीच तांड्यावर जाऊन. आज याडी स्वतः आली, नऊच्या गाडीने, सुखीबाईला घेऊन. पोत्यावर बसली आणि मी काढत गेलो तसं सांगत गेली. दोन ठिकाणी पुसायला लावलं. बायांच्या हातातलं गठुडं मी ढगासारखं गोल काढलं होतं.

“ढग न्हाई तो. पाणी गळून राह्यलं, खाली बस्ते गठुडं. खाली ओढ.”

खाली ओढलं. एकदम वजन आलं. सतरा वर्षं चित्रं काढतो. वजन कसं काढायचं हे आज कळलं.

मी तिला विचारलं, चेहरा बदलून काढू का, ओळखू येणार नाही असा?

“मले हाकलताना काही चेहरा बदलून हाकललं का?”

चौथ्या चौकटीत ती पूर्ण आहे, बांगड्या, फेट्यासारखी बांधलेली ओढणी, सगळं. आणि तिचं वाक्य, एक फुटाच्या अक्षरात: “शेतकऱ्याचा कापूस ओला, त भाव कापता. बाईची पाठ ओली, तिचं काय कापता?”

कवडूसाठी मी एक विनोद तयार ठेवला होता. याडी म्हणाली, “आता त्याले गप बसव थोडं. लय बोलला तो.” म्हणून कवडू कोपऱ्यात बसून नुसता तिच्याकडे पाहतोय.

९ जानेवारी, सोमवार

सकाळी आठला बाया कामावर आल्या आणि भिंतीपाशी थांबल्या. ज्यांना वाचता येतं त्यांनी इतरांना वाचून दाखवलं. हंसाबाईला मान वळवता येत नाही, ती पूर्णच वळून उभी राहिली. “अगो, हे त मी आहे!”

दहाला मुकादम दोन माणसं घेऊन आला. भिंतीवर चुना मारला. उकंडा ओरडला, भिंत माझी आहे म्हणाला. चुना मारणारे म्हणाले, “आम्हाले सांगतलं.”

संध्याकाळपर्यंत मी पुन्हा काढलं. चुन्यावर रंग उलट खुलतो. बेसचा खर्च वाचला.

१२ जानेवारी, गुरुवार

त्यांनी तीनदा चुना मारला, मी तीनदा काढलं. तिसऱ्या वेळी चुना मारणाराच म्हणाला, “पेंटरभाऊ, बोक्याचा कान या खेपेला जमला नाही.” बरोबर होतं. दुरुस्त केला.

आज मात्र वेगळंच झालं. सकाळी पाइप लागला, कापूस भिजला, आणि बायांनी गठुडी उचललीच नाहीत. ओरडा नाही, घोषणा नाही. सव्वीस बाया गेटाबाहेर आल्या आणि भिंतीखाली ओळीने बसल्या. उकंडाचं दूध अकरा वाजताच संपलं. आत गाठी बांधायचं प्रेस बंद, बाहेर दोन ट्रक उभे, मागे कापसाच्या गाड्यांची रांग. गाडीवाले चिडतील असं वाटलं होतं. एक जण उतरला, भिंत वाचली आणि बैल सोडून बाजूला बांधले. मग बाकीच्यांनीही सोडले. कटती त्यांनाही ठाऊक होती.

नानाजी स्कूटरवर आले. कॅमेरा घेऊन. मी म्हटलं, तुम्ही तर छापत नाही.

“व्यंगचित्र छापत नाही मी,” नानाजी म्हणाले. “भिंत बातमी आहे.” आणि पंप ओढून गुडघ्यावर बसले, चारही चौकटी येतील असे.

दुपारी भाऊसाहेबांची गाडी आली. ते उतरले, मागे हात बांधून पूर्ण भिंत वाचली. पहिल्या चौकटीत पाइप धरलेला एक माणूस आहे. कुणाचं नाव लिहिलेलं नाही.

“पेंटर, माहं पोट एवढं आहे?”

माझ्या तोंडातून गेलं, “भाऊसाहेब, चौकटीत मावावं म्हणून कमी केलंय.”

बाया हसल्या. मग गाडीवाले हसले. हे वाक्य माझं स्वतःचं होतं. मी तपासून पाहिलं, याडी त्या वेळी तिथे नव्हती.

भाऊसाहेब हसले नाहीत. हंगाम भरात आहे, ट्रक उभे आहेत, एवढं मात्र त्यांनी हंसाबाईकडे पाहता पाहता मोजलं असावं. आत गेले. चारला मुकादम बाहेर आला: पाइप बंद. गठुडं चौघींनी उचलायचं. आता चला.

हंसाबाई उठली नाही. “मानीयाडी?”

मुकादम पुन्हा आत गेला. बाया पुन्हा बसल्या. साडेपाचला तो परत आला तेव्हा त्याचं तोंड कवडी कापसासारखं झालं होतं. “सोमवारपासून येऊ द्या तिले.”

१३ जानेवारी, शुक्रवार

‘दैनिक वाघाडी’, पहिलं पान, तीन कॉलम फोटो. उमरकरांची जाहिरात आज नाही. पुढच्या आठवड्यात येईल की नाही, नानाजींना माहीत नाही. “बघू,” म्हणाले. अंक मात्र दुप्पट काढला होता.

भाऊसाहेबांचं गेट फ्लेक्सवाल्याने केलं. ‘ऊमरकर’ असं छापलंय. मी कुणाला सांगितलं नाही.

२३ जानेवारी, सोमवार

‘कवडू म्हणे’ परत सुरू. नानाजींना मी एकच अट घातली: खाली दोन नावं. त्यांनी डोकं खाजवलं, “बाईले लिहिता येत नाही नं बे?” मी म्हटलं, मला बोलता येत नाही. त्यांनी नावं लावली.

दुपारच्या सुटीत अंक घेऊन टपरीवर गेलो. रुपालीही आली होती, अंगणवाडी लवकर सोडून. सुखीबाईने चौकटी वाचून दाखवल्या. याडीने ऐकलं, एका ठिकाणी मान हलवली, म्हणजे बरोबर. मग विचारलं, “अन् नाव कोठी आहे माहं?”

मी बोट ठेवलं. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

“एवढंसंच?”

“याडी, सात अक्षरं आहेत. मानीबाई राठोड.”

“अन् तुहं?”

मोजली. अ, श्व, जि, त, भ, व, रे. “माझीही सातच.”

“मंग ठीक आहे,” ती म्हणाली. आत भोंगा झाला. तिने कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि हंसाबाईला हाक मारत गेटातून आत गेली.